पार्ट अजून आलेला नाही

गाडी चालवायला मी शिकले ती पन्नाशी उलटल्यावर, आणि हौसेनं नव्हे. ह्यांच्या किडन्या निकामी झाल्या, डायलिसिस सुरू झालं आणि बिबवेवाडीतल्या आमच्या गल्लीत सकाळी वेळेवर रिक्षा मिळेना. मिळालीच तर ती खड्ड्याखड्ड्यांतून अशी जाई की घरी पोचेपर्यंत हे डोळे मिटून, ओठ दाबून बसलेले असत. एक दिवस टेलिफोन खात्यातली माझी ड्यूटी संपल्यावर मी थेट मोटार शिकवणाऱ्याकडे गेले. तो म्हणाला, "कुणाला शिकायचंय? मुलीला का?"

मी म्हटलं, "मला. मुलगी असती तर जरा चौकशी करून पाठवली असती."

मग एक जुनी, छोटी, राखी रंगाची गाडी घेतली. तिला चिपवाली किल्ली नव्हती, बटणं नव्हती. किल्ली घालायची, फिरवायची, निघायचं. हे शेजारी बसत आणि खिडकीवरची कडी धरून पुढच्या प्रत्येक गतिरोधकाची आगाऊ सूचना देत. "आला," एवढंच म्हणत. मला तो दिसलेला असायचा, तरी मी "हो" म्हणायची. काही वर्षं आम्ही दवाखान्यात अशी ये-जा केली. मग एका हिवाळ्यात ते गेले आणि शेजारची सीट रिकामी झाली.

आता गाडी विका, असं सगळ्यांनी सांगितलं. एकट्या बाईला गाडी कशाला लागते, असा त्याचा अर्थ. मी विकली नाही, कारण मला दर गुरुवारी वाघोलीला जायचं असायचं.

वाघोलीला माझी मैत्रीण राहायची. आम्ही दोघी एकाच वर्षी खात्यात लागलो. ट्रंक कॉल लावून द्यायचे ते दिवस. शेजारशेजारच्या खुर्च्या, कानाला हेडफोन आणि समोर छिद्रंच छिद्रं असलेला बोर्ड. त्या गोंगाटातसुद्धा एकमेकींशी बोलायची कला आम्हाला साधली होती. तिनं लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर वाघोलीत एका नव्या इमारतीत लहानसा फ्लॅट घेतला. म्हणाली, गावात परवडत नाही आणि तिथे वारा बरा आहे. दोन-तीन वर्षं वारा खाल्ला असेल नसेल, तोच तिला पक्षाघात झाला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. एकच शब्द उरला, "हो". तहान लागली तरी हो, राग आला तरी हो, पंखा बंद करायचा तरी हो. तिला सांभाळायला एक बाई ठेवली होती. ती त्या सगळ्या 'हो'मधला फरक ओळखायला शिकली, आणि मीही शिकले.

जन्मभर फोनवर बोलून पोट भरलेल्या बाईला फोनचा काही उपयोग राहिला नव्हता. म्हणून जाणं भाग होतं. फातिमानगर, मुंढवा, खराडी करत मी जायची. तिचे केस विंचरायची, पेपरातल्या बातम्या वाचून दाखवायची, कधी मटार सोलत बसायची. खात्यातल्या एका साहेबांची नक्कल केली की ती डाव्या हातानं माझं मनगट घट्ट दाबायची. ते तिचं हसणं. संध्याकाळच्या गर्दीच्या आत मी निघायची. गुरुवारचा दिवस भरलेला असायचा. बाकीचे दिवस कसे जातात ह्याची मी चौकशी करत नसे.

हे सगळं माझ्या मुलाला माहीत नव्हतं. मी लपवलं होतं असं नाही, त्यानं विचारलं नव्हतं. तो हिंजवडीला एका कंपनीत आहे आणि तिथेच उंच इमारतीत त्याचं घर आहे. बिबवेवाडीपासून तसं लांब नाही, पण आपल्या गावात अंतर रस्त्यावर मोजत नाहीत, रहदारीवर मोजतात. महिन्यातून एका रविवारी तो यायचा, जेवायचा, मोबाइलकडे बघत थोडा लवंडायचा आणि वाकडच्या पुलाची आठवण झाली की उठायचा. फोन मात्र रोज करायचा. "जेवलीस?" "हो." "गोळी घेतलीस?" "हो." माझ्या मैत्रिणीपेक्षा मी काही फार जास्त बोलत होते असं नाही.

अशाच एका रविवारी मी त्याला शेजारी बसवून मार्केट यार्डात भाजीला निघाले होते. गंगाधामच्या चौकात डावीकडे वळताना तो एकदम ओरडला, "आई, सायकल!" मी ब्रेक दाबला. सायकलवाला आमच्याकडे बघत, काहीतरी पुटपुटत पुढे गेला. मुलगा काही बोलला नाही. भाजी घेतली, घरी आलो. आधीच्या महिन्यात सोसायटीच्या फाटकाच्या खांबाला गाडी घासली होती. खाली उतरल्यावर तो ओरखडा त्यानं बोटानं चाचपून पाहिला. तेव्हाही काही बोलला नाही.

त्याच सुमाराला गाडीचं इग्निशन लॉक त्रास द्यायला लागलं. किल्ली आत जायची, पण फिरताना अडायची. थोडी बाहेर ओढून, हलवून, स्टेअरिंगला हिसका देऊन फिरवली की फिरायची. मी हे मुलाला सांगितलं. पुढच्या खेपेला आला तेव्हा म्हणाला, "किल्ली दे. लॉकची सर्व्हिसिंग करून आणतो."

मला बरं वाटलं. गाडीविषयी त्यानं आपणहून काही केलं ते पहिल्यांदाच. दुपारी तो गेला आणि चांगला उशिरानं परत आला. गॅलरीतून मी गाडी फाटकात शिरताना पाहिली. वर येऊन त्यानं किल्ली टेबलावर ठेवली आणि तो म्हणाला, "आई, गाडी काढू नकोस आता. कशीबशी आणली, खाली लावली आणि लॉक पूर्ण अडकलं. आतला पार्ट गेलाय. मॉडेल बंद झालंय ना, पार्ट मिळत नाही. मी मागवलाय."

"किती दिवस लागतील?"

"बघू."

दुसऱ्या दिवशी मी खाली जाऊन प्रयत्न केला. किल्लीनं दार नेहमीसारखं उघडलं. पण इग्निशनमध्ये ती आत गेली आणि तसूभरही फिरली नाही. हलवून पाहिलं, हिसके दिले. नाही म्हणजे नाही. मी दार लावून वर आले.

पुढे रोजच्या फोनवर आणखी एक प्रश्न आला, तो माझ्याकडून. "पार्ट आला का रे?"

"अजून आलेला नाही आई."

हे म्हणताना तो आधी किंचित थांबायचा. आयुष्यभर मी फोनवर परक्या माणसांचे आवाज ऐकले. कोण खरं रडतंय, कोण बिल चुकवायला रडतंय, हे मला एका श्वासात कळायचं. त्याचं ते थांबणंही मला ऐकू येत होतं. पण मी त्याचा अर्थ कामाचा ताण असा लावला. आपल्या माणसाच्या बाबतीत कान वेगळे असतात.

वाघोलीला मी बसनं जाऊन पाहिलं. स्वारगेटला बदलायची, मग पुढे लटकत जायचं. पहिल्या खेपेला पोचले तेव्हा माझीच अवस्था पाहून त्या सांभाळणाऱ्या बाईनं आधी मला पाणी दिलं. दुसऱ्या खेपेला उतरताना गुडघा असा दुखावला की भोपळ्यासारखा सुजला. मोबाइलवरून बोलावतात त्या गाड्याही करून पाहिल्या. कुणी यायचं, कुणी येतो म्हणून यायचंच नाही. एकदा परत येताना खराडीला अंधार पडला आणि मी घाबरले. गुरुवार चुकायला लागले. एक चुकला, मग लागोपाठ चुकले. मी त्या बाईला फोन करून म्हणायची, "तिच्या कानाला लाव." आणि मी बोलायची. पलीकडून श्वास ऐकू यायचा आणि मग "हो". कुठला हो, ते फोनवर मला ओळखता येत नव्हतं. हात हातात असल्याशिवाय ते कळत नसे.

एका सकाळी त्या बाईचा फोन आला. "मावशी, ताई काल रात्री गेल्या."

गाडी मिळवून मी पोचेपर्यंत तिला घेऊन गेलेसुद्धा होते. कोल्हापूरहून भाचा रातोरात आला होता आणि त्यानं सगळं झटपट उरकलं होतं. त्याचंही बरोबरच होतं, थांबायचं कुणासाठी? फ्लॅटमध्ये ती बाई एकटीच पलंगावरच्या चादरी घडी करत होती. मला पाहून तिनं घडी अर्धवट टाकली.

"गुरुवारी दाराकडं बघत बसायच्या," ती म्हणाली. "मी सांगायची, ताई, मावशींची गाडी बिघडलीय, नाही येणार आज. तरी हो म्हणायच्या आणि परत दाराकडंच बघायच्या."

मी तिला घडी घालायला मदत केली. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

त्यानंतर गाडी ठेवण्यात अर्थ नव्हता. मी तळमजल्यावरच्या गृहस्थांना विचारलं. त्यांच्या ओळखीत जुन्या गाड्यांचे व्यवहार करणारे आहेत. ते म्हणाले, "अहो, लॉक बसलेली गाडी कोण घेणार? भंगारात काढतील. आधी चावीवाला बोलवा, ती चालू करा, मग बोलू." आणि त्यांनीच एका चावीवाल्याचा नंबर दिला. मुलाला मी सांगितलं नाही. पार्ट मागवून मागवून तो थकला असेल असं मला खरोखर वाटलं.

चावीवाला दुपारी आला. पन्नाशीचा, गोल चेहऱ्याचा, बडबड्या माणूस, फुरसुंगीकडचा. आल्याआल्या त्यानं गाडीचे कागद आणि माझं ओळखपत्र मागितलं. "राग मानू नका मावशी, पन कुनाची गाडी कोन खोलून मागंल, काय सांगावं?" कागदावर माझं नाव बघितलं आणि कामाला लागला. किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन आधी तो माझ्यावरच डाफरला. त्यात घराची, गॅलरीची, कपाटाची, तळघरातल्या मीटरच्या खोलीची, वाघोलीच्या फ्लॅटची, अशा सगळ्या किल्ल्या होत्या.

"एवढं वजन लटकावता, मंग लॉक झिजनार न्हाई तर काय? गाडीची चावी एकटी ठेवायची."

मी म्हटलं, "बरं."

त्यानं दाराला किल्ली लावून पाहिली. लागली. इग्निशनला घातली. गेली, फिरली नाही. मग त्यानं लॉकमध्ये सोडायला काढलेलं तेल बाजूला ठेवलं, किल्ली बाहेर काढली आणि बॅटरीच्या उजेडात भोकात बघितलं. नंतर बारीक तारेसारखी दोन हत्यारं आत घालून बराच वेळ डोळे मिटून चाचपडत बसला. बोलणं बंद झालं होतं. एकदम 'टक' झालं आणि लॉक फिरलं.

"मावशी," तो म्हणाला, "हे अडकलेलं न्हाई. मख्खन चालतंय."

"मग किल्ली का फिरत नाही?"

त्यानं स्टेअरिंगखालचं कव्हर सोडवलं, एक पिन दाबली आणि लॉकचा सिलिंडर बाहेर ओढला. अंगठ्याएवढा. तो फडक्यावर ठेवून मला जवळ बोलावलं. सिलिंडरच्या अंगात पितळेच्या पातळ पत्त्या बसवलेल्या होत्या, एकीशेजारी एक. माझी किल्ली त्यात घातल्यावर काही पत्त्या वर, काही खाली, अशा बाहेर डोकावत राहिल्या. "बरोबर चावी असली की ह्या समद्या आत जातात, मंगच लॉक फिरतं. तुमच्या चावीनं जात न्हाईत. आन् बगा, ह्या पत्त्या कोऱ्या हायेत. चकाकतायत. कुनीतरी लॉक खोललंय, साफ केलंय, जुन्या पत्त्या काढून दुसऱ्या नंबराच्या बसवल्यात. काम चोख केलंय. ह्याला दुसरी चावी हाय मावशी. कुनाकडं हाय?"

मी उभी होते तिथेच गाडीच्या दाराला धरून उभी राहिले. पार्किंगमध्ये दुपारची सामसूम होती. कुणाच्या तरी घरातून कुकरची शिट्टी आली.

त्याला माझी गप्पगप्प मुद्रा दिसली असावी. त्यानं स्वतःच उत्तर काढलं. "मिस्त्रीकडं टाकली हुती का गाडी? मंग त्यानंच. चावी स्वतःपाशी ठिवली असंल. उद्या रातच्याला येऊन घिऊन गेला असता. असली मानसं असत्यात. तुमी पोलिसात सांगा."

"बघते," मी म्हटलं.

"नाव सांगा त्याचं. मी वळखतो हितल्या समद्यांना."

"मला आठवत नाही."

कुठल्याशा मिस्त्रीवर तो चोरीचा आळ घेत होता आणि मी घेऊ देत होते. मुलाचं नाव माझ्या तोंडून निघालं नसतं. परक्या माणसासमोर तर नाहीच.

मग त्यानं विचारलं, जुन्या किल्लीच्या मापानं लॉक बसवायचं की नवीन? मी म्हटलं, माझ्याच किल्लीच्या. त्यानं माझी झिजलेली किल्ली मापून तिच्या मूळ नंबराची नवी कापली, डब्यातून एकेक पत्ती निवडून सिलिंडरमध्ये बसवली, स्प्रिंगा घातल्या, वंगणाची काळी पूड फुंकली. गाडीची बॅटरी उतरलेली होती. स्वतःच्या गाडीला वायर जोडून त्यानं तिला जीव दिला. मी आत बसले आणि किल्ली फिरवली. इतकी हलकी फिरली की हात क्षणभर चुकल्यासारखा झाला. इंजिन खोकलं आणि सुरू झालं.

"झालं बगा," तो खूश होऊन म्हणाला. "आता त्या भामट्याची चावी लागायची न्हाई." त्यानं एक जादा किल्ली करून दिली होती. ती हातात देत म्हणाला, "ही घरच्यांकडं ठिवा, म्हंजी अडचन नको."

तो गेल्यावर तळमजल्यावरचे गृहस्थ आले. "चालू झाली वाटतं? सांगू का मग पार्टीला?" मी म्हटलं, "नको, सध्या राहू दे." त्यांनी भुवया उंचावल्या, पण पुणेरी माणसानं एकदा भुवया उंचावल्या की तोंडानं विचारायची गरज उरत नाही. मीही सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी फोन आला. "जेवलीस? गोळी?" मी सगळ्याला हो म्हटलं. मग विचारलं, "पार्ट आला का रे?"

तो थांबला. "अजून आलेला नाही आई."

ह्या वेळी मी त्या थांबण्याचा दुसरा अर्थ लावला नाही. पण हे बोलणं मला फोनवर करायचं नव्हतं.

रविवारी सकाळी मी हिंजवडीला निघाले. तिकडे एकटीनं कधी गेले नव्हते. कात्रजवरून बायपासला लागले आणि डाव्या बाजूनं, ट्रकांच्या मागून, शांतपणे जात राहिले. वारज्याला मागच्यानं हॉर्न वाजवून जीव काढला. मी त्याला जाऊ दिलं. रागानं गाडी चालवायची नाही, हे मला शिकवणाऱ्यानं पहिल्या दिवशी सांगितलं होतं. पण मला राग आलेला नव्हताच. राग आला असता तर सोबत झाली असती. मला फक्त चादरी घडी करणाऱ्या त्या बाईचं वाक्य ऐकू येत होतं.

सुनेनं दार उघडलं. "आई! तुम्ही? कशा आलात?"

"गाडीनं."

"कुणाच्या?"

"माझ्या."

आतून मुलगा आला. त्याच्या हातात टॉवेल होता. तो माझ्याकडे बघत राहिला आणि त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं की सुनेला ह्यातलं काही माहीत नाही. ती चहा टाकायला आत गेली. आम्ही दोघं बसलो. खिडकीतून खाली कंपन्यांच्या काचेच्या इमारती आणि रविवारची रिकामी पार्किंगं दिसत होती.

"लॉक बदललं?" त्यानं विचारलं.

"माझ्या किल्लीवर परत बसवून घेतलं. तुझी आता लागणार नाही."

त्यानं टॉवेलची घडी घातली. मग म्हणाला, "आई, तो सायकलवाला तुला दिसलाच नव्हता. मी ओरडलो नसतो तर? मला त्यानंतर झोप येईना. ऑफिसात फोन वाजला की वाटायचं, हाच तो."

"मग हे मला सांगायचं."

"तू ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं. भांडले असते."

"तेच ना," तो म्हणाला. "तुझ्याशी भांडायचं म्हणजे तिथे यायचं, बसायचं, तू रडणार, बाबांचा विषय निघणार... मला तेवढं जमलं नसतं. त्या लॉकवाल्यानं विचारलं, जुन्याच किल्लीवर करू की नंबर बदलू? तोवर माझ्या डोक्यातसुद्धा नव्हतं. तोंडातून निघून गेलं, बदला." त्यानं माझ्याकडे बघितलं. "मला वाटलं, तशीही तुला गाडी लागते कशाला? भाजी घरी येते. दवाखान्यात मी नेलं असतं."

तेव्हा मी त्याला वाघोलीचं सांगितलं. सगळं सांगितलं. पक्षाघात, हो, गुरुवार, बस, गुडघा आणि चादरी. आवाज चढवला नाही. तो मध्ये एकदाच बोलला. "कोण मैत्रीण?"

ह्या दोन शब्दांनी मला जे वाटलं ते लॉकनं वाटलं नव्हतं. दर गुरुवारी माझा एक अख्खा दिवस असतो, ह्याची त्या पोराला खबरच नव्हती. त्यानं माझं येणंजाणं बंद केलं होतं, पण ते कुठलं येणंजाणं होतं हे त्याला ठाऊक नव्हतं.

सून चहा घेऊन आली, आमच्याकडे बघून परत आत गेली. चहावर साय धरली. तो उठून खिडकीशी गेला आणि माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. त्याचे खांदे हलताना दिसले. मी उठून त्याच्याजवळ गेले नाही. लहानपणी गेले असते. त्या दिवशी मला माझ्या जागेवरून उठता आलं नाही, एवढं खरं.

निघताना तो खालपर्यंत आला. म्हणाला, "एक किल्ली माझ्याकडे दे ना. अडीअडचणीला."

"नाही," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. मग गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला आला, दार उघडून आत बसला आणि पट्टा लावला. "घरापर्यंत येतो. परत येईन बसनं." चांदणी चौकाजवळ तो म्हणाला, "आई, डोळे तपासून घेऊ या. तुला शिक्षा म्हणून नाही." मी म्हटलं, "घेऊ."

डाव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला, चांगला पिकलेला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "ह्या बाजूचं तुम्हाला धुरकट दिसत असणार." तेव्हा मुलगा खुर्चीत माझ्याशेजारी बसला होता. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही, ह्याबद्दल मी त्याची आभारी आहे. भीती त्याची खरी होती. पण त्या भीतीनं त्याला माझ्यापर्यंत आणायला हवं होतं, लॉकवाल्याकडे नव्हे. हे मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

शस्त्रक्रिया झाली तेव्हा तो रजा घेऊन राहायला आला. डोळ्यात थेंब घालायचा, खिचडी करायचा. तीत मीठ कमी असायचं आणि हळद जास्त. एका दुपारी काळा चष्मा लावून मी पडले होते, तर तो पायाशी येऊन बसला. "त्या कशा होत्या? तुझ्या मैत्रीण." मी त्याला ट्रंक बोर्डाच्या गोष्टी सांगितल्या. तारा जोडता जोडता आम्ही डबा कसा खायचो, ती कोल्हापुरी ठसका लावून गिऱ्हाइकांना कशी गप्प करायची, सगळं. तो हसला. पुढे मी त्या साहेबांची नक्कल करायला घेतली आणि पाहिलं तर तो बसल्याबसल्या झोपला होता, मान भिंतीला टेकवून. मी नक्कल पूर्ण केली. समोर कुणी जागं नव्हतं, तरी अर्धवट सोडवेना.

मग त्याची रजा संपली आणि तो गेला. येणं फार वाढलं असं म्हणता येणार नाही. वाकडचा पूल जिथे आहे तिथेच आहे. पण आता आम्ही फोनवर भांडतो. गाडी बायपासला का नेलीस म्हणून तो चिडतो, मी उलट उत्तर देते. गेल्या आठवड्यात तर त्यानं मध्येच फोन ठेवला आणि पाच मिनिटांनी पुन्हा केला. असं आमच्यात पूर्वी कधी होत नसे.

डॉक्टरबाईंनी गाडी चालवायची परवानगी दिली तो बुधवार होता. दुसऱ्या दिवशी सकाळी माझे हात आपोआप आवरायला लागले. साडी नेसले, पेपर पिशवीत घातला आणि खाली आले. डावीकडच्या आरशात सगळं लख्ख दिसत होतं. फातिमानगर गेलं, मुंढवा गेलं. खराडीच्या अलीकडे मला जाणवलं की मी कुठेच निघालेले नाही. एका पेट्रोल पंपावर गाडी घेतली आणि चाकांत हवा भरून घेतली. हवा कमी झाली होती असंही नाही. हवा भरणाऱ्यानं सहज विचारलं, "कुठं, नगरकडं का?"

"नाही," मी म्हटलं, "घरी." आणि पुढच्या दुभाजकाच्या फटीतून गाडी वळवून घेतली.